डेपोचा खर्च

"माझी गाडी नुसतं पेट्रोल खाते," असं डबलबेल बावीस वर्षं सगळ्यांना सांगत आले. न्हाव्याला सांगितलं, किराणावाल्याला सांगितलं, नवी कोरी गाडी घेऊन हप्त्यांखाली वाकलेल्या शेजाऱ्याला तर जिन्यात अडवून सांगितलं. थाप नव्हती ती. त्यांचा तसा प्रामाणिक समज होता, आणि घरात प्रामाणिक गैरसमजाइतकं महाग दुसरं काही नसतं.

डबलबेल बसचे कंडक्टर. चौतीस वर्षं त्यांनी खांद्याला कातडी पिशवी अडकवून तिकिटं फाडली. दोरी एकदा ओढली की बस थांबायची, दोनदा ओढली की निघायची, आणि त्यांची दुसरी घंटा पहिलीला अशी चिकटून यायची की लोकांनी त्यांचं नावच तसं पाडलं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी त्यांचं कागदोपत्री नाव पोस्टमनखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. बायको शिवणकाम करायच्या, म्हणून त्या शिवणकाकू. शाळांचे गणवेश, पडदे, अभ्रे, कुणाची उसवलेली पँट. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, मागच्या खोलीत संसार, आणि दोन्ही खोल्यांत पायाखाली टाचण्या.

गाडी आली तेव्हा मुलगी अकरा वर्षांची होती. एक दातांचे डॉक्टर गाव सोडून चालले होते, त्यांनी आपली सहा वर्षं वापरलेली फिकट निळी गाडी स्वस्तात देऊ केली. फंडातून उचल घेऊन डबलबेलांनी ती घेतली. चालवायला त्यांच्याच बसच्या ड्रायव्हरनं शिकवलं, सुट्टीच्या दिवशी डेपोच्या मोकळ्या आवारात. परीक्षा पास झाले, परवाना आला, सगळं झालं.

आणि पहिल्या दिवशी गाडी जागची हलेना.

इंजिन चालू होतं, मुलगी मागे बसलेली, काकू मशीनवरून तशाच उठून शेजारी येऊन बसल्या होत्या. डबलबेल समोर बघत स्वस्थ. काकूंनी विचारलं, काय झालं, बिघडली की काय? ते म्हणाले, बिघडलं काही नाही, पण बेल कोण देणार? ड्रायव्हरनं आपल्या मनानं गाडी काढायची नसते, कंडक्टर सांगेल तेव्हा काढायची. तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते आणि चेष्टा करत नव्हते. त्यांचा पायच दबत नव्हता. काकूंच्या बोटात शिवताना घालायचं धातूचं अंगुस्तान राहून गेलं होतं. त्यांनी वैतागून ते समोरच्या फळीवर आपटलं, टक टक. गाडी निघाली.

तेव्हापासून तो नियमच झाला. एकदा टक म्हणजे थांबा, दोनदा टक म्हणजे चला. सिग्नल हिरवा झाला तरी काकूंची टकटक होईपर्यंत डबलबेल हलायचे नाहीत, मागचे लोक भोंगे वाजवून बेजार. एकदा काकू तापानं आडव्या झाल्या तेव्हा गाडी अकरा दिवस छपराखाली उभी होती. शेजारी म्हणाले, अहो, तुम्ही न्या की एकटे. डबलबेल म्हणाले, कंडक्टर रजेवर आहे.

खर्चाची वाटणीही त्याच पहिल्या दिवशी झाली. घरी परतल्यावर काकूंनी विचारलं होतं, की हा हत्ती पोसायचा कुणी? डबलबेलांनी पेट्रोलची जबाबदारी लगेच उचलली. आणि बाकीचं? विमा, कर, टायर? ते म्हणाले, बाकीचं डेपो बघतो. नोकरीत तसंच होतं ना. बस डेपोची, टायर डेपोचे, मिस्त्री डेपोचा. कंडक्टरनं तिकिटं फाडायची आणि भरणा करायचा. काकूंनी विचारलं, आपल्याकडे डेपो कुठे आहे? डबलबेलांनी हसून मशीनकडे बघितलं. काकूही हसल्या. आणि अशा हसण्यावारी नेलेल्या गोष्टी संसारात कायद्यापेक्षा घट्ट बसतात.

काकूंना तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, उलट मजा वाटली. बिस्किटांच्या एका चौकोनी डब्याला त्यांनी डेपो म्हणायला सुरुवात केली. शाळा उघडण्याआधी गणवेशांची गर्दी असायची. त्याच महिन्यात गाडीचा विमा यायचा. गणवेश आले की पन्नास बाह्या विम्याच्या, वीस बाह्या कराच्या, असं त्या मनाशी ठरवून टीप मारायच्या. गाडी ठेवायला छापखान्यामागचं पत्र्याचं छप्पर भाड्यानं घेतलं होतं. त्याचं भाडं उशांच्या अभ्र्यांतून निघायचं. बॅटरी गेली की एका हॉटेलाचे पडदे. वर्ष संपलं की त्या वर्षाच्या साऱ्या पावत्या एकावर एक ठेवून त्या कडेनं मशीनची एक टीप मारून टाकायच्या. वही झाली की ठेव डब्यात. नवऱ्यानं तो डबा कधी उघडला नाही. बसच्या कंडक्टरला डेपोच्या कपाटाशी काय घेणं?

त्यांचे स्वतःचे कागद वेगळे होते. बसमध्ये प्रत्येक फेरीचा हिशेब लिहायला एक कागद असतो, त्याला वेबिल म्हणतात; कुठून किती चढले, कुठे किती उतरले. निवृत्तीच्या आधीपासूनच डबलबेल घरच्या गाडीचंही वेबिल लिहीत. किलोमीटर लिहीत नसत, माणसं लिहीत. कारण त्यांच्या लेखी गाडीचा खर्च किलोमीटरमागे मोजायचा नसतो, माणशी मोजायचा असतो. वर्षाचं पेट्रोल भागिले वर्षाचे प्रवासी. प्रवासी वाढले की खर्च उतरला. म्हणून ते रिकामी जागा बघूच शकत नसत. दवाखान्यात निघालेले, परीक्षेला निघालेले, सामान घेऊन थांब्यावर ताटकळलेले, जो दिसेल त्याला आत घ्यायचे, आणि घरी येऊन समाधानानं लिहायचे की आज चार माणसं. पैसे कुणाकडून घेतले नाहीत. फुकट नेलेल्या माणसांमुळे गाडी स्वस्त पडते, असं मानणारा दुसरा गृहस्थ शोधून सापडायचा नाही.

आणि काय दिवस होते ते. मागच्या आसनाला काकूंनी गणवेशाच्या उरलेल्या कापडाचं आवरण शिवलेलं असायचं. शाळेनं रंग बदलला की गाडीचाही बदलायचा. एक वर्ष राखाडी, एक वर्ष गडद निळा. मुलं आत बसली की म्हणायची, ही आपल्या शाळेची गाडी. आत पेट्रोलचा वास, तापलेल्या रेक्झिनचा वास, काकूंच्या हातावरच्या खडूचा वास. कुलूपवाल्या आजोबांचे मोतीबिंदूचे दोन्ही डोळे याच गाडीतून दोन खेपांत उघडून आले. छापखान्याच्या वहिनी बाळंत झाल्या तेव्हाचं वेबिल अजून आहे: जाताना प्रवासी एक, येताना एक, शिवाय तीन वर्षांखालील एक, मोफत. त्या वर्षी चारशे बारा माणसं झाली. डबलबेलांनी तो आकडा कॅलेंडरवर लाल पेन्सिलीनं लिहून ठेवला होता, आणि वर्ष सरल्यावरही ते पान भिंतीवरून काढू दिलं नव्हतं.

मग हळूहळू लोकांनी आपापल्या गाड्या घेतल्या. कुलूपवाले आजोबा गेले. छापखान्याच्या वहिनींचा तो मोफत प्रवासी स्वतःच्या मोटारसायकलवरून हात करून पुढे निघून जायला लागला. उरलेले फोनवरून गाडी मागवायला शिकले. गेल्या वर्षी आसनाचं आवरण बदललंच नाही, कारण मळलंच नाही.

या वर्षी विम्याचा कागद आला आणि काकूंनी तो मशीनच्या खणात सारला. उजव्या हाताचा अंगठा वर्षभर दुखत होता. कात्री धरली की कळ कोपरापर्यंत जायची. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की शिवण पुरे. गणवेशांची मोठी ऑर्डर त्यांनी परत पाठवली होती, नवऱ्याला सांगितलं होतं की यंदा शाळेनं दुसरीकडे दिली. डब्यात पैसे नव्हते. विमा संपायला नऊ दिवस उरले होते, आणि विम्याशिवाय गाडी रस्त्यावर न्यायची नसते हे चौतीस वर्षांची नोकरी केलेला माणूस काटेकोरपणे पाळणार होता. गाडी बंद पडणार, आणि ती आपल्यामुळे पडणार, हे काकूंना खात होतं. बावीस वर्षं ज्यांनी गाजावाजा न करता दिलं, त्यांना आता देता येत नाही हे सांगायची लाज वाटत होती. बाईमाणसाची ही जुनी खोड. देताना बोलायचं नाही आणि थकल्यावर चोरासारखं वाटून घ्यायचं.

रविवारी मुलगी आली. ती आता एका माल पोचवणाऱ्या कंपनीत पंचावन्न गाड्यांच्या खर्चावर लक्ष ठेवायची. तिनं ऐन गणवेशांच्या दिवसांत मशीनवर झाकण बघितलं आणि आईचा हात उलटा करून अंगठा दाबला. काकू कळवळल्या. मग सगळंच बाहेर आलं, विम्याच्या कागदासकट.

मुलीनं वडिलांना हाक मारली आणि विचारलं की गाडीला वर्षाला किती लागतं. ते म्हणाले, नुसतं पेट्रोल. सहा हजार. गेल्या वर्षी प्रवासी एकतीस, म्हणजे माणशी एकशे त्र्याण्णव. जरा चढा आहे, पण चालायचं. एवढं बोलून ते वेबिलांचे गठ्ठे घेऊन आले, बावीस वर्षांचे, सुतळीनं बांधलेले.

"बाबा, गाडीचा खर्च दोन तऱ्हेचा असतो," मुलगी म्हणाली. "एक ती चालते म्हणून, आणि दुसरा ती आहे म्हणून. तुम्ही पहिलाच मोजलाय. आई, डबा आण."

डबा आला. टीप मारलेल्या पावत्यांची चळत टेबलावर आली, आणि त्या घरात पहिल्यांदाच डबलबेलांचे कागद आणि काकूंचे कागद शेजारीशेजारी ठेवले गेले. मुलीनं गेल्या वर्षाची चळत उसवली आणि वाचत गेली. विमा सहा हजार दोनशे. कर आणि तपासणी, वर्षाला वाटून, दोन हजार. छपराचं भाडं आठ हजार चारशे. टायर जेव्हा बदलायचे तेव्हा बदलतात, पण झिजतात दर वर्षी, म्हणून त्याचे चोवीसशे. बॅटरीचे तसेच पंधराशे. मिस्त्री, ऑइल, ब्रेक मिळून साडेसात हजार. पेट्रोल सोडून अठ्ठावीस हजार झाले, आणि यातला निम्म्याहून जास्त खर्च गाडी हलली काय आणि न हलली काय, होणारच होता.

शिवाय घसारा, ती म्हणाली. गेल्या वर्षी गाडी विकली असती तर जे आले असते त्यापेक्षा यंदा तीन हजार कमी येतील. डबलबेलांना हे पटेना. गाडी छपराखाली उभी राहून जुनी झाली, खिशातून कुठे काय गेलं? ते म्हणाले, मला त्या पैशाची पावती दाखव.

"तुमच्या बस पंधरा वर्षांनी भंगारात जायच्या," मुलगी म्हणाली. "मग नवी बस आभाळातून पडायची का?"

"डेपोला यायची," ते सवयीनं म्हणाले. आणि मग त्यांनी काकूंकडे बघितलं.

बराच वेळ ते पावत्या उलटत बसले. पावत्यांच्या कडेला टिपेचे दोरे होते, ज्या वर्षी ज्या शाळेचं काम चालू होतं त्या रंगाचे. राखाडी, निळा, मध्येच एक वर्ष गडद तांबडा. ते प्रत्येक दोरा ओळखत होते, कारण त्याच कापडाचं आवरण त्या वर्षी गाडीला होतं.

"एवढं लागायचं डेपोला?" त्यांनी विचारलं.

"लागायचं," काकू म्हणाल्या. "पण आता डेपो बंद झालाय. शाळेनं ऑर्डर दुसरीकडे दिली नव्हती, मीच परत पाठवली. अंगठा चालत नाही."

सांगून टाकलं एकदाचं. काकूंना वाटलं होतं आभाळ कोसळेल. काहीच कोसळलं नाही.

मुलगी मात्र आता वेबिलांच्या मागे लागली होती. तिनं एक गठ्ठा सोडला, दुसरा सोडला, बोट फिरवत खाली खाली गेली. तिचा चेहरा लाल होत गेला. बापावर रागावली की ती लहानपणापासून मान खाली घालून बोलायची, तशीच बोलली.

"बाबा, यात आई कुठे आहे? न्हाव्याचा मेहुणा आहे, पोस्टमनची मुलगी आहे, ज्याचं नावही माहीत नाही असा टोपीवाला माणूस तीनदा आहे. जिनं सगळं भरलं ती बावीस वर्षांत एकदाही नाही."

काकूंनी वेबिलं कधी वाचली नव्हती. त्यांनी पुढे वाकून बघितलं. खरंच नव्हत्या त्या. डोळ्यांच्या दवाखान्याच्या दोन्ही खेपांना त्या होत्या, बाळंतपणाच्या वेळी वहिनींचा हात त्यांनीच धरला होता, आणि कागदावर त्यांचा मागमूस नव्हता.

डबलबेल मात्र गोंधळून दोघींकडे बघत होते. आपलं काय चुकलं हे त्यांना खरोखर कळत नव्हतं.

"स्टाफ वेबिलात लिहीत नाहीत," ते म्हणाले. "स्टाफ म्हणजे प्रवासी नव्हे. स्टाफशिवाय गाडी निघतच नाही, मग लिहायचं काय?"

काकू म्हणाल्या, "बावीस वर्षं बिनपगारी?"

"बिनपगारी," ते खाली बघून म्हणाले. "वर डेपोही तूच."

मुलगी आधी हसली, मग काकू हसल्या, आणि हसता हसता अंगठा टेबलाला लागून पुन्हा कळवळल्या. डबलबेल हसले नाहीत. त्यांनी पेन्सिल घेतली. पेट्रोलसकट सगळं मिळून सदतीस हजार भागिले एकतीस. भागाकार त्यांनी दोनदा केला. माणशी अकराशे त्र्याण्णव. त्यांच्या एकशे त्र्याण्णवच्या डावीकडे एक एकचा आकडा तेवढा वाढला होता.

नोकरीत असताना नदीपलीकडची सकाळची फेरी त्यांनी अकरा वर्षं केली होती. पुढे पूल झाला, लोक तिकडून जायला लागले, आणि बस रिकामी धावायला लागली. बसमध्ये किती जागा भरतात त्याला डेपोत भारमान म्हणत. भारमान उतरलं की फेरी बंद. तेव्हा हेच डबलबेल साहेबांशी भांडायला गेले होते, अजून तीन म्हाताऱ्या येतात म्हणाले होते. साहेबांनी न बोलता त्यांचीच अकरा वर्षांची वेबिलं पुढे सारली होती. त्यांनी ती वाचली होती आणि मुकाट्यानं शेवटची फेरी करून आले होते.

आता त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली.

"भारमान नाही," ते म्हणाले. "फेरी बंद करायला हवी."

काकू म्हणाल्या, हात बरा झाला तर थोडं थोडं काम घेईन. ते नको म्हणाले. मुलगी म्हणाली, मी भरते विमा. त्यालाही नको म्हणाले. रिकाम्या गाडीसाठी कुणी बाह्या शिवायच्या नाहीत आणि कुणी पगार ओतायचा नाही.

गिऱ्हाईक मुलीनंच शोधलं. शेजारच्या गावातली एक परिचारिका, वाड्यावस्त्यांवर जाऊन बाळंतिणी तपासणारी. मुलीनं तिलाही कागद मांडून दाखवला. जो विमा, जो कर इथे एकतीस माणसांवर पडत होता तोच तिच्याकडे वर्षाच्या हजार खेपांवर वाटला जाणार होता. भाव फार आला नाही. अठ्ठावीस वर्षांच्या गाडीला कोण भाव देतो?

विमा संपायच्या आदल्या दिवशी दोघं गाडी पोचवायला निघाली. डबलबेलांनी काच पुसली, आसन झटकलं, इंजिन चालू केलं आणि समोर बघत बसले. काकूंनी अंगुस्तान आणलं होतं. दुखऱ्या अंगठ्यामुळे ते डाव्या हाताच्या बोटात घालावं लागलं, त्यामुळे आवाज जरा बोदा आला. टक टक. गाडी निघाली. थांब्यावर पिशव्या घेतलेला एक माणूस दिसला, काकूंनी एकदा टक केलं, आणि तो शेवटचा प्रवासी बसला.

परिचारिकेनं पैसे मोजून डबलबेलांच्या हातात दिले. त्यांनी न मोजता काकूंच्या हातात दिले आणि म्हणाले, डेपोत भरणा. मग ती बाई गाडीत बसली, किल्ली फिरवली, आणि आवारात एक गोल चक्कर मारून आली. बेल नाही, काही नाही. गाडी आपली निघाली. दोघंही क्षणभर एकमेकांकडे बघत राहिली. आपल्यावाचून ती चालते हे त्यांना नव्यानंच कळत होतं.

परत येताना बस धरली. निवृत्त कंडक्टरला आणि त्याच्या बायकोला बसचा पास फुकट असतो. डबलबेलांनी दोघांचा पास काढून गुडघ्यावर ठेवला होता. तरुण कंडक्टर आला तेव्हा काकूंनी पर्स उघडली.

"एक फुल द्या," त्या म्हणाल्या.

"अगं, पास आहे ना," डबलबेल म्हणाले. "स्टाफला तिकीट कशाला?"

"आज मी रजेवर आहे. आज प्रवासी."

कंडक्टरनं तिकीट दिलं, दोरीशी गेला आणि दोनदा ओढली. बस निघाली. डबलबेलांनी काकूंच्या हातातून तिकीट घेतलं, चष्मा वर सारून टप्पा बघितला, रक्कम बघितली, मागे उलटून बघितलं, आणि परत त्यांच्या हातात दिलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "जपून ठेव."